रद्दीतली बायबलकथा : जुनी कादंबरी घ्यावी कशी, वाचावी कशी

कर्णावरची किंवा ययातीवरची कादंबरी वाचलेल्या माणसाला बायबलकथेवरची ऐतिहासिक कादंबरी अवघड जायचं कारण नाही. कारागिरी तीच आहे. मूळ ग्रंथानं दोन ओळींत उरकलेलं एखादं माणूस उचलायचं, त्याला घरदार, शेजारपाजार, भूक, मत्सर द्यायचा आणि चारशे पानं चालवायचं. फरक पडतो तो वाचकाच्या बाजूनं. महाभारत आपण आजीकडून, कीर्तनातून, टीव्हीवरून ऐकलेलं असतं, त्यामुळे लेखकानं पदरचं काय घातलं ते लगेच कळतं. बायबलच्या बाबतीत खान्देशातल्या बहुतेक वाचकांकडे ही आधीची ओळख नसते. मग लेखकाची कल्पना हीच मूळ कथा म्हणून डोक्यात बसते, आणि नवापूरकडच्या एखाद्या ख्रिस्ती मित्रासमोर आपण ठामपणे भलतंच बोलून जातो. पुस्तक जुनं, स्वस्तातलं घ्या, पण मूळ कथा वाचल्याशिवाय त्याचं पहिलं पान उलटू नका. बाकीच्या पायऱ्या याच्या आजूबाजूच्या आहेत.

पहिली पायरी : आधी कथा ठरवा

ढिगातून जे हाताला लागेल ते उचलायचं आणि मग ते कशावर आहे ते बघायचं, असं बहुतेक जण करतात. नवख्यानं उलटं करावं. कथा आधी, पुस्तक नंतर.

माझं मत विचाराल तर रूथच्या कथेपासून सुरुवात करा. मूळ मजकूर फक्त चार अध्यायांचा, ८५ ओव्यांचा. त्यात ना युद्ध, ना समुद्र दुभंगणं. दुष्काळ पडतो म्हणून बेथलेहेमचं एक कुटुंब मवाब या शेजारच्या मुलखात जगायला जातं. तिथे घरातले तिन्ही पुरुष मरण पावतात आणि सासू नामी परत निघते. थोरली-धाकटी कोण ते मूळ ग्रंथ सांगत नाही, पण दोन सुनांपैकी अर्पा माघारी फिरते आणि रूथ सासूबरोबर परक्या गावी येते. पुढे शेतात सरवा वेचणं, जमिनीचा व्यवहार, भाऊबंदकी, दुसरं लग्न. भुईमूग काढून झाल्यावर शेतात राहिलेल्या शेंगा वेचणाऱ्या बाया ज्यानं पाहिल्यात, त्याला या कथेची निम्मी ओळख आधीच झालेली आहे.

एस्तेरची कथा दहा अध्यायांची, दरबारी कारस्थानांची. वेगवान आहे. याकोबाची मुलगी दीना हिची कथा बायबलातल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या ३४व्या अध्यायात, अवघ्या ३१ ओव्यांत येते आणि त्यात दीना स्वतः एक शब्दही बोलत नाही. कादंबरीकारांना ती का मोहात पाडते ते यावरून कळावं. राजा दावीद आणि बथशेबा यांची कथा ‘दुसरा शमुवेल’ या पुस्तकाच्या ११व्या-१२व्या अध्यायांत. योसेफाची कथा मात्र उत्पत्तीच्या ३७व्या अध्यायापासून जवळजवळ ५०व्यापर्यंत पसरलेली आहे. ती दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला घ्या. हीच गोष्ट कुराणात यूसुफच्या नावानं येते. त्यामुळे जळगाव-धुळ्यातल्या मुस्लिम शेजाऱ्याशी त्यावर तासभर गप्पा होऊ शकतात. एक गंमत लक्षात ठेवा, योसेफावर भाळलेली मालकीण बायबलातही बिननावाची आहे आणि कुराणातही. जुलेखा हे नाव नंतरच्या परंपरेनं दिलं.

आणखी एक वेगळा प्रकार ढिगात हमखास दिसतो. त्यात नायक काल्पनिक असतो आणि बायबलमधली माणसं फक्त वाटेत भेटतात. ल्यू वॉलेस यांची १८८० सालची ‘बेन-हर’ ही त्यातली सगळ्यांत गाजलेली. अशी पुस्तकं वाईट नसतात, पण मूळ कथेशी ताडून बघायला त्यात फारसं काही हाती लागत नाही. सुरुवातीला बाजूला ठेवा.

यहूदीथवरची कादंबरी मिळाली तर आधीच सावध करतो. तिचं पुस्तक कॅथलिक बायबलात आहे, प्रोटेस्टंट प्रतीत नाही. आपल्याकडे सहज मिळणाऱ्या मराठी प्रतीत शोधत बसाल तर सापडायचं नाही.

दुसरी पायरी : शोध

नव्या इंग्रजी कादंबऱ्यांचं मोठं दुकान आपल्या भागात शोधण्यात अर्थ नाही. अशा पुस्तकांची वाट रद्दीवाल्याकडून जाते. भुसावळ हे रेल्वेचं गाव. बदलीवर येणारी, निवृत्त होऊन गावी परतणारी माणसं क्वार्टर सोडताना पुस्तकं मागे टाकतात. जळगाव आणि धुळ्याला शाळा-कॉलेजांच्या आसपास जुन्या पाठ्यपुस्तकांची दुकानं असतात, त्यांच्या मागच्या फळीवर कादंबऱ्या पडून असतात. जून-जुलैत तिकडे फिरकू नका. पाठ्यपुस्तकांच्या गर्दीत दुकानदार तुमच्याकडे बघणारही नाही. दिवाळीनंतर जा, तेव्हा तोच माणूस स्टूल देईल आणि चहा सांगेल.

नंदुरबार, नवापूर, चिंचपाडा या पट्ट्यात ख्रिस्ती वस्ती जुनी आहे. तिथल्या घरांत बायबलवर आधारलेली पुस्तकं असण्याची शक्यता जास्त, पण ती विकायला काढलेली नसतात. ओळख असेल तर वाचायला मागा आणि मुदतीत परत करा. वाचनालयंही बाद झालेली पुस्तकं अधूनमधून काढतात. ग्रंथपालांना सांगून ठेवलं तर निरोप येतो. अशा प्रतीवर ‘बाद’ असा शिक्का हवा. नुसता वाचनालयाचा शिक्का असलेलं पुस्तक रद्दीत दिसलं तर घेऊ नका, ते कुणीतरी परत न केलेलं असण्याचा संभव असतो.

भाव दोन असतात. ढीग किलोवर जातो तेव्हा रद्दीचा भाव, आणि एकेक पुस्तक निवडून काढलंत की पुस्तकाचा भाव. ‘कितलाले शे, भाऊ?’ असं विचारण्याआधी पुस्तक हातात धरून फार हरखल्यासारखं दाखवू नका, एवढाच सल्ला. कागदी बांधणीच्या चांगल्या प्रतीला शंभर-दीडशेपर्यंत जायला हरकत नाही. त्यापुढे मागितले तर ऑनलाइन जुन्या प्रतीचा भाव फोनवर बघून घ्या, टपालखर्च धरून.

तिसरी पायरी : प्रत तपासा

इथे वेळ घालवा. दुकानदार कंटाळला तरी चालेल.

पहिल्यांदा सुरुवातीची आणि शेवटची पानं. या प्रकारच्या कादंबरीत पुढे नकाशा आणि वंशावळ असते, मागे लेखकाचं टिपण असतं. जुन्या प्रतीतून नेमकी हीच पानं गळतात, कारण टोकाची पानं आधी सुटतात. नकाशा नसला तर निभावून नेता येतं. लेखकाचं टिपण नसलेली प्रत मी नवख्याला घेऊ देणार नाही. कुठे इतिहास आहे, कुठे ग्रंथ आणि कुठे आपली कल्पना, हे प्रामाणिक लेखक त्या दोन-चार पानांतच सांगतो.

मग पृष्ठांक. पुस्तक फर्म्यांत, म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घडीत बसणाऱ्या पानांच्या गठ्ठ्यांत छापलं जातं, त्यामुळे गहाळ होतात तेव्हा पानं एकेक नव्हे, सोळा किंवा बत्तीसच्या पटीत गायब असतात. कधी तोच फर्मा दोनदा शिवलेला असतो आणि एक मधला गळालेला असतो. सगळी पानं मोजायची गरज नाही. कोपरे भरभर सोडत आकडे बघा, उडी लगेच दिसते.

मुखपृष्ठामागच्या छपाईच्या पानावर वर्ष आणि आयएसबीएन असतो. १ जानेवारी २००७ पासून तो तेरा आकडी झाला, त्याआधी दहा आकडी होता. म्हणजे दहाच आकडे असतील तर प्रत त्याआधीची. आकडाच नसेल तर बहुधा १९७०च्या आधीची, किंवा फुटपाथवरची नक्कल. नक्कल ओळखणं सोपं आहे. मुखपृष्ठावरची अक्षरं किंचित फुटलेली, कागद पातळ, पलीकडच्या पानाची शाई अलीकडे दिसते. अशा प्रतीत वाक्यंच्या वाक्यं गळलेली असू शकतात.

संक्षिप्त आवृत्तीपासून विशेष जपा. रीडर्स डायजेस्टचे जाड पुठ्ठ्याचे, तीन-चार कादंबऱ्या एकत्र बांधलेले खंड जुन्या बाजारात खूप दिसतात. दिसायला देखणे, आतला मजकूर कापलेला. नुसता वेळ घालवायचा असेल तर छान, पण मूळ कथेशी ताडून बघायची असेल तर निरुपयोगी. कोणती भर लेखकाची आणि कोणती गाळणी संपादकाची, ते कळतच नाही.

पाठीचा चिकट बांधही बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळिशीला टेकतो. त्या उन्हाळ्यात पत्र्याखाली काही वर्षं काढलेल्या पुस्तकाचा डिंक कडक होतो. पुस्तक मधोमध हलकेच उघडा. ‘कट्’ असा आवाज आला तर वाचता वाचता पानं हातात येणार. शिवलेली बांधणी असेल तर पिवळी पानंही चालतील.

आधीच्या वाचकानं पेन्सिलीनं खुणा केल्या असतील तर नाक मुरडू नका. बायबलकथेच्या कादंबरीत अशा खुणा बहुतेक वेळा अध्याय-ओवीचे आकडे असतात, आणि तुमचं निम्मं काम कुणीतरी करून ठेवलेलं असतं. स्केचपेननं रंगवलेली प्रत मात्र सोडून द्या.

चौथी पायरी : घरी आणल्यावर

घरात नेऊन थेट फळीवर ठेवू नका. ओट्यावर, सावलीत, कोरड्या ब्रशनं पाठीकडून बाहेरच्या बाजूला झटका. चंदेरी कसर पळताना दिसली किंवा पानांत बारीक भोकं आणि भुसा दिसला तर प्रत जाड प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी दिवसभर उघडायची नाही. नाहीतर गार कागदावर दव धरतं. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा कप्पा पुरेसा गार होत नाही, आणि जिथे वीज तासन्तास जाते तिथे या उपायाचा भरवसा नाही. दोन दारांचा फ्रीज असलेल्या नातेवाइकाकडे ठेवायला द्या, आत काय आहे ते सांगून.

वाळवी दिसली तर पुस्तक घरातच आणू नका. उन्हात तापवत ठेवणं टाळा, कागद आणखी ठिसूळ होतो. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका; काही वर्षांत तो पिवळा पडून अक्षरांसकट सुटतो. मैद्याची पातळ खळ आणि पतंगाच्या कागदाची पट्टी पुरते. बाइंडर खळीत कीड लागू नये म्हणून मोरचूद घालतात. ते विषारी आहे, स्वयंपाकघरात तो प्रयोग नको.

पाचवी पायरी : मूळ कथा

आता मराठी बायबल काढा. बायबल सोसायटीची छापील प्रत मिळते, फोनवर फुकट अ‍ॅपही आहेत. जुनी भाषा आवडत असेल तर पंडिता रमाबाईंचं भाषांतर शोधा. हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी एकहाती केलेलं हे काम त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झालं.

नावांचा गोंधळ सुरुवातीलाच मिटवा. इंग्रजी कादंबरीतली नेओमी म्हणजे मराठीतली नामी, बोअज म्हणजे बवाज, जेकब म्हणजे याकोब, रेचेल म्हणजे राहेल, डेव्हिड म्हणजे दावीद, सॉलोमन म्हणजे शलमोन. एका चिठ्ठीवर जोड्या लिहा आणि तीच चिठ्ठी खूण म्हणून पुस्तकात ठेवा.

मूळ कथा दोनदा वाचा. पहिल्यांदा सरळ. दुसऱ्यांदा फक्त न सांगितलेल्या गोष्टी टिपत. रूथच्या कथेत काय काय नाही ते बघा. तिचं रूप कसं होतं, नाही. पहिल्या नवऱ्याबरोबरची सुमारे दहा वर्षं कशी गेली, नाही. अर्पा माघारी फिरली, तिचं पुढे काय झालं, नाही. तिसऱ्या अध्यायात रूथ रात्री खळ्यावर जाऊन शेतमालक बवाजाच्या पायांशी निजते. त्या रात्री नेमकं काय घडलं यावर ग्रंथ मोघम राहतो. चौथ्यात नामीच्या नवऱ्याचा, बवाजापेक्षा जवळचा एक भाऊबंद येतो, नामीची जमीन घ्यायला तयार होतो, रूथशी लग्न करावं लागेल म्हणताच मागे सरतो. या माणसाचं नावसुद्धा ग्रंथ देत नाही.

कादंबरीकार ज्या जागांवर घर बांधणार, त्या याच. यादी आधीच हातात असेल तर वाचताना मजा वाढते. नामीला त्यानं कडवट दाखवलंय की धूर्त? त्या बिननावाच्या भाऊबंदाला खलनायक केलंय का? केलं असेल तर मला ते आळशी काम वाटतं. मूळ कथेत तो दहा वडीलधाऱ्यांसमोर पायतण काढून देतो आणि हक्क सोडतो. तो फक्त हिशेबी आहे, आणि असा माणूस रंगवणं खलनायक रंगवण्यापेक्षा अवघड असतं.

सहावी पायरी : पेन्सिल घेऊन वाचा

समासात तीनच अक्षरं वापरायची. मूळ ग्रंथातली गोष्ट असेल तिथे ‘ग्र’. त्या काळाबद्दलची माहिती असेल तिथे ‘इ’. लेखकाची कल्पना वाटेल तिथे ‘क’. शंका असेल तिथे काहीच नको. पहिल्या पन्नास पानांत हात अडखळेल, मग सवय होते.

‘इ’वर सगळ्यांत जास्त फसगत होते. अनिता डायमंट यांच्या ‘द रेड टेंट’मध्ये (१९९७) दीना स्वतःची कहाणी सांगते, आणि पाळीच्या दिवसांत बायका ज्यात एकत्र बसतात तो लाल तंबू कथेच्या मध्यभागी आहे. बायबलात असा तंबू कुठेही नाही. तो इतका पटण्यासारखा उभा केलाय की वाचक त्याला त्या काळची रूढी समजून बसतात. इथे ‘क’ लिहायचं. त्यानं कादंबरीची किंमत कमी होत नाही. ‘बेन-हर’मधल्या वल्ही मारणाऱ्या गुलामांचंही तसंच. रोमन आरमारातले वल्हेकरी बहुतेक स्वतंत्र, पगारी माणसं असत. गुलामांच्या साखळ्यांचं चित्र आपल्या डोळ्यांसमोर आहे ते कादंबरीनं आणि पुढे सिनेमानं बसवलेलं.

काही गोष्टी ताडून बघायला ग्रंथालय लागत नाही. मका, टोमॅटो, मिरची, फड्या निवडुंग हे सगळं कोलंबसानंतर, म्हणजे १४९२नंतर अमेरिकेतून बाहेर पडलं. बेथलेहेमच्या कुंपणाला निवडुंग दिसला की पेन्सिल चालवा. नाणी रूथच्या काळी नव्हती, चांदी तोलून दिली जाई, शेकेल हे वजन होतं. रोमन घोडेस्वाराच्या खोगिराला रिकीब असेल तर तीही चूक. उंटांचं प्रकरण जरा गुंतागुंतीचं आहे. याकोबाच्या कथेत उंट आहेत, पण अरावा खोऱ्यातल्या तांब्याच्या खाणींजवळ सापडलेल्या हाडांवरून त्या प्रदेशात पाळीव उंट इसवी सनापूर्वी दहाव्या शतकाच्या सुमारास आले, असं पुरातत्त्वज्ञांचं अनुमान आहे. म्हणजे इथे कादंबरीकाराला दोष देता येत नाही, तो ग्रंथाबरोबर चाललाय.

आपल्या वाचकाची खास फसगत पावसात होते. आपल्याकडे पाऊस जूनमध्ये येतो आणि पिकं त्याच्या मागे. तिथे पाऊस हिवाळ्याचा. जव एप्रिल-मेच्या सुमारास कापला जातो, गहू त्यानंतर, आणि तेव्हा आभाळ कोरडं असतं. पहिल्या शमुवेलाच्या १२व्या अध्यायात गव्हाच्या कापणीच्या वेळी गडगडाट होऊन पाऊस पडतो, तर लोक तो देवाचा कोप समजून घाबरतात. तेव्हा कादंबरीत रूथ खळ्यावर गेली त्या रात्री धो-धो पाऊस पडत असेल, तर आपल्याला ते अगदी नैसर्गिक वाटेल. ते तसं नाही.

मापंही बघा. रूथ पहिल्या दिवशी एक एफाभर जव गोळा करते. एफा म्हणजे साधारण बावीस लिटर, जवाच्या हिशेबात बारा-तेरा किलो. सरवा वेचणाऱ्या एकट्या बाईला एवढं मिळत नाही हे आपल्याकडचा कुणीही शेतकरी सांगेल. बवाजानं गड्यांना मुद्दाम पेंढ्यांतून कणसं गाळायला सांगितलेलं असतं. ही बारीक गोष्ट लेखकानं पकडली असेल तर त्याच्यावर भरवसा ठेवायला हरकत नाही.

मवाबी लोकांची भाषा अगदीच परकी दाखवली असेल, रूथला गावात कुणाचं बोलणंच समजत नसेल, तर तिथेही थांबा. मवाबचा राजा मेशा याचा शिलालेख १८६८ साली धीबान इथे सापडला. नवव्या शतकातला आहे, इसवी सनापूर्वीच्या. त्याची भाषा हिब्रूच्या इतकी जवळची आहे की दोन्हीकडच्या माणसांचं भागत असणार, अहिराणी बोलणारा आणि पुण्याचा माणूस यांचं भागतं तसं. थोडी थट्टा होईल, अडणार नाही. धुळ्यात इतिहासकार वि. का. राजवाडे यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे. अस्सल कागद कुठे आहे, हे विचारायची सवय त्या माणसानं मराठीला लावली. कादंबरी वाचताना दर पानावर तसं विचारू नका, रसभंग होईल. प्रकरण संपलं की विचारा.

सातवी पायरी : कुणाशी बोलायचं

पुस्तक संपल्यावर अडलेली जागा ख्रिस्ती मित्राला किंवा चर्चच्या पाळकांना विचारता येते. बोलताना ‘तुमच्या बायबलात असं आहे’ असं म्हणू नका, ‘या कादंबरीत असं लिहिलंय, मूळ कथेत कसं आहे?’ असं विचारा. काहींना दावीद-बथशेबाची किंवा येशूच्या आयुष्यावरची कल्पित प्रकरणं खटकतात, आणि तो त्यांचा हक्क आहे. पण कथा नव्यानं सांगणं हेच पाप, असं समजायचंही कारण नाही. कोकणातल्या बेने इस्रायली ज्यूंनी बायबलमधल्या कथांवर चक्क मराठी कीर्तनं रचली आणि केली.

पुढचं पुस्तक त्याच कथेवरचं, पण दुसऱ्या लेखकाचं घ्या. समासातले ‘ग्र’ त्याच जागी येतील, ‘क’ सगळे बदलतील. पहिली प्रत लगेच रद्दीला घालू नका, दोन्ही शेजारी ठेवून चाळायची असतात. नंतर विकायचीच असेल तर पेन्सिलीच्या खुणा पुसू नका आणि शेवटच्या कोऱ्या पानावर ग्र-इ-क म्हणजे काय ते लिहून ठेवा. दुकानदार भाव कमी करेल, पाच-दहा रुपये.